उरलेला वॉलपेपर: पावसाळ्यातल्या कामाच्या नोंदी

१४ जून २०२५, शनिवार

हॉलच्या भिंतीचं काम एप्रिलमध्ये उरकलं. उरलेला कागद तेव्हापासून दिवाणाखाली पडून होता. यंदा पाऊस मे महिन्यातच आला, ओल धरायच्या आत तो बाहेर काढायचं ठरवलं. आज सगळं हॉलमध्ये पसरून मोजलं.

कागद एवढा उरतो कसा, हे आधी लिहून ठेवते, कारण अनेकांना वाटतं की दुकानदाराने मुद्दाम एक रोल जास्त गळ्यात मारला. आमची भिंत १२ फूट रुंद आहे. रोल ५३ सेंटिमीटर रुंद आणि १० मीटर लांब, म्हणजे भिंतीला ७ पट्ट्या लागतात. उंची २.७५ मीटर, वर-खाली छाटायला धरून २.८५. पण या कागदावरची पानांची नक्षी दर ६४ सेंटिमीटरला पुन्हा येते. शेजारच्या पट्टीशी पान जुळायचं तर प्रत्येक पट्टी ६४ च्या पटीत कापावी लागते: पाच पट, ३.२० मीटर. एका रोलमधून अशा तीनच पट्ट्या निघतात आणि ४० सेंटिमीटरचा तुकडा उरतो. दोन रोलमध्ये सहा पट्ट्या झाल्या. सातवीसाठी तिसरा रोल फोडायचा आणि त्यातले ६.८० मीटर हातात राहायचे. यात कोणाची लबाडी नाही, एका पट्टीसाठीही पूर्ण रोल घ्यावा लागतो.

या ६.८० मधली एक पूर्ण पट्टी, ३.२० मीटर, मी बाजूला काढली. तिला हात लावायचा नाही. भिंतीला ओल आली, कोणी सोफा घासला, स्विचबोर्ड हलवला, तर ठिगळ याच कागदाचं लागेल. नवा रोल आणला आणि तोच नंबर असला तरी छपाईचा बॅच वेगळा असेल तर रंगात फरक येतो आणि तो भिंतीवर लांबून दिसतो. म्हणून रोलवरचं लेबल, बॅच नंबरसकट, त्याच पट्टीला दोऱ्याने बांधून ठेवलं. कामाला उरले ३.६० मीटर आणि ४० सेंटिमीटरचे दोन तुकडे.

शिवाय नणंदेच्या बेडरूमचा सोनेरी उभ्या रेघांचा कागद आहे, अडीच मीटर. आणि नमुन्यांचं एक जाडजूड पुस्तक. एखादी मालिका बंद झाली की दुकानदाराला ही पुस्तकं निरुपयोगी होतात, मागितली तर देतात. आमचं पुस्तक सगळं फुलांचं आहे.

रद्दीवाल्याने हॉलचा कागद हातात घेतला, नखाने खरवडला आणि परत दिला. बरोबर आहे त्याचं. वर पीव्हीसीचा, म्हणजे एका प्लास्टिकचा, थर आणि खाली कागद, असा जोडमाल लगदा करायच्या कामाचा नसतो. आमच्या सोसायटीत कचरा गोळा करायला येणाऱ्या ताईंनीही सांगितलं की तो सुक्यात टाकला तरी शेवटी जमिनीत गाडायलाच जाणार. त्यामुळे एक गोष्ट पक्की केली: यातून जे करायचं ते वर्षानुवर्षं घरात वापरलं जाईल असंच. दोन दिवस मिरवून फेकायची शोभेची वस्तू करायची नाही, कारण मग मी कचरा फक्त दोन दिवस उशिरा टाकला एवढंच होईल.

१५ जून, रविवार

आज काहीच बनवलं नाही, फक्त कागद ओळखले. हे पायाचं काम आहे. इंटरनेटवर सगळीकडे ‘उरलेला वॉलपेपर घ्या आणि चिकटवा’ एवढंच सांगतात. पण वॉलपेपर या एका नावाखाली निदान तीन वेगळे माल विकले जातात आणि एकाला जे चालतं ते दुसऱ्याला अजिबात चालत नाही.

पहिली तपासणी पाण्याचा थेंब. नमुन्यांच्या पुस्तकातल्या कागदाने थेंब शोषून घेतला, डाग गडद झाला: हा साधा कागद. हॉलच्या कागदावर थेंब तसाच उभा राहिला: व्हिनाइल, म्हणजे वर पीव्हीसीचा थर असलेला. नणंदेच्या कागदावरही पाणी लगेच मुरलं नाही, म्हणून दुसरी तपासणी, कोपरा फाडून बघणं. साधा कागद सरळ फाटला, कडेला पांढरा कापूस दिसला. व्हिनाइलचा वरचा पापुद्रा सुटून हातात आला आणि खालचा कागद वेगळा राहिला. नणंदेचा मात्र फाटेचना. ताणल्यावर कडेला लांब लांब धागे निघाले. हा नॉन-वोव्हन, लाकडाच्या लगद्याच्या तंतूंत पॉलिस्टरचे तंतू मिसळून केलेला.

तिसरी तपासणी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. तिन्ही कागदांचे सारखे तुकडे कापले, पाठीमागून ओल्या फडक्याने पुसले, पाच मिनिटं ठेवले आणि पट्टीने मोजले. साधा कागद आडव्या बाजूने चक्क वाढला होता, उभ्या बाजूने जवळपास नाही. मशिनवर कागद तयार होताना तंतू रोलच्या लांबीच्या दिशेने झोपतात, आणि तंतू भिजला की जाडीत फुगतो, लांबीत फारसा नाही. व्हिनाइलची पाठ कागदाची असल्यामुळे तोही थोडा वाढला आणि कडा वळल्या. नॉन-वोव्हन तसूभर हलला नाही. भिंतीवर लावताना याचसाठी नॉन-वोव्हनची खळ थेट भिंतीला लावतात आणि कागदी पाठीच्या वॉलपेपरला पाठीमागून लावून, घडी घालून थोडा वेळ मुरत ठेवतात. मुरायच्या आत चिकटवला की तो नंतर वाढतो आणि फुगे येतात. डब्यावर किंवा पुठ्ठ्यावरही हेच होणार.

लेकीने विचारलं, “आई, जाळून नाही का बघायचं? कापड ओळखताना आजी धागा जाळते की.” तिला नाही म्हणाले. पीव्हीसी जळताना हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो, डोळ्यांना आणि घशाला वाईट. घरात ही तपासणी नको. त्याच कारणाने दिव्याची शेड करायचा तिचा बेतही रद्द केला.

२२ जून, रविवार

सासूबाईंचं सागवानी कपाट. खाली चार खण, प्रत्येक साधारण ४८ बाय ४० सेंटिमीटर. आजवर त्यांत वर्तमानपत्र घालत आलो. व्हिनाइल इथे चपखल बसतं: पुसता येतं, झिजत नाही, आणि ५३ ची रुंदी असल्यामुळे प्रत्येक खणाला रोलचे जेमतेम ४० सेंटिमीटर लागतात.

मी ते चिकटवत होते. सासूबाईंनी थांबवलं. “अगं, चिकटवू नकोस. उद्या झुरळाचं औषध मारायचं झालं, खण उन्हात टाकायचा झाला, तर ते खरवडत बसशील.” मग नुसतंच घातलं. प्रत्येक खणाचा कागदी साचा आधी काढला, कारण जुन्या सुतारकामात चारही कोपरे काटकोनात असतीलच असं नाही. आमच्या तिसऱ्या खणाचा डावा कोपरा चांगला अर्धा सेंटिमीटर आत आहे. साच्यावरून व्हिनाइल दोन मिलिमीटर कमी कापलं. रोलमुळे कडा वर वळत होत्या, म्हणून कापायच्या आधी कागद उलट्या दिशेने गुंडाळून रात्रभर ठेवला होता. आता सपाट बसलाय.

एक खण मात्र वगळला. त्यात सासूबाईंच्या दोन पैठण्या आहेत. पीव्हीसीमधून काळानुरूप आम्ल वाफा सुटतात, धातूला त्या मानवत नाहीत आणि जरीत धातू असतो. तिथे धुतलेलं मांजरपाट अंथरलं आणि नेहमीप्रमाणे वेखंडाची पुरचुंडी. फोटोंच्या अल्बमलाही व्हिनाइल आतून लावू नये, हे याच कारणाने.

२९ जून, रविवार

फुलांच्या कागदातून वह्यांची पुठ्ठ्याची कव्हरं. पुण्यातल्या अप्पा बळवंत चौकाजवळ एक बाइंडिंगवाले काका बसतात, त्यांना जाऊन विचारलं. त्यांनी नमुन्यांचं पुस्तक उलटसुलट बघितलं आणि पहिला प्रश्न केला, “ताई, याचा उभा कुठला?” मी परवाची पाण्याची गोष्ट सांगितली तर खूश झाले. त्यांचं म्हणणं: कागदाचा उभा, म्हणजे तंतू झोपलेत ती दिशा, आणि वहीचा कणा एकाच दिशेला हवा. आडवा लावला तर पुठ्ठा पाण्याच्या दिवसांत वाकतो आणि वही मिटत नाही. रोलवरचा कागद असेल तर उभा कुठला हे नक्षीवरूनच कळतं, फुलांचे देठ रोलच्या लांबीच्या दिशेने असतात.

खळीबद्दल त्यांनी सविस्तर सांगितलं. एक वाटी मैदा, पाच वाट्या पाणी, गुठळी न होऊ देता शिजवायचं, चमच्यावरून तार सुटली की बंद. पूर्वी त्यात चिमूटभर मोरचूद घालत, म्हणजे कसर लागत नसे. मोरचूद विषारी आहे, घरात लहान मूल असेल तर नकोच. आता ते खळ आणि फेव्हिकॉल निम्मं निम्मं मिसळतात: नुसतं फेव्हिकॉल पटकन धरतं, कागद सरकवून नीट बसवायला वेळ मिळत नाही, आणि नुसती खळ पावसाळ्यात वाळत नाही, बुरशी येते. मी घरी हेच मिश्रण केलं आणि त्याच दिवशी संपवलं.

पुठ्ठ्याला एका बाजूने कागद लावला की वाळताना तो कागद आकसतो आणि पुठ्ठ्याला आपल्याकडे ओढतो. कव्हरं पन्हाळीसारखी वाकतात. उपाय आतून तेवढाच कागद लावणं, म्हणजे दोन्हीकडून ओढ सारखी. मग दोन प्लायवूडच्या फळ्यांमध्ये, वर धान्याचा डबा ठेवून, दोन रात्री. मध्ये एकदा कोरे कागद बदलले. छापील वर्तमानपत्र मध्ये घालू नये, शाई उतरते.

वॉलपेपरने पुस्तकं मढवायची पद्धत युरोप-अमेरिकेत जुनी आहे. कागदाची टंचाई असेल तेव्हा तर त्याच्या पाठीवर छापायचेही. अमेरिकेच्या यादवी युद्धात व्हिक्सबर्ग शहराला वेढा पडला होता, तेव्हा तिथलं ‘डेली सिटिझन’ हे वर्तमानपत्र छापायचा कागद संपल्यामुळे वॉलपेपरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर निघत होतं. २ जुलै १८६३ चा अंक जुळवून ठेवलेला होता, ४ जुलैला शहर पडलं आणि आत आलेल्या सैनिकांनी त्यात स्वतःचं एक छोटं टिपण घालून तो छापला. एका बाजूला फुलं, दुसऱ्या बाजूला युद्धाच्या बातम्या. अडचणीत माणसं हातातल्या वस्तूकडे किती मोकळ्या नजरेने बघतात, हे मला या गोष्टीत फार भावतं.

वह्या झाल्या. एक सासूबाईंच्या पाककृतींची.

६ जुलै, आषाढी एकादशी

उपासाचा दिवस, हलकं काम. जुन्या एमडीएफच्या, म्हणजे दाबलेल्या लाकडी तंतूंच्या फळीच्या, ट्रेला आतून व्हिनाइल लावलं. तळ काचपेपरने घासला, फेव्हिकॉलमध्ये चौथा हिस्सा पाणी, जुन्या एटीएम कार्डाने मधून कडेकडे दाबत हवा काढली. कडेच्या फटीत पाणी जाऊ नये म्हणून सिलिकॉनची बारीक रेघ. बशीसकट कप ठेवायला उत्तम. गॅसवरून उतरवलेलं पातेलं मात्र ठेवायचं नाही, व्हिनाइल मऊ पडून कायमचा गोल उठतो.

दोन फ्रेमही भरल्या. त्याबद्दल लिहिण्यासारखं विशेष नाही: मोठी नक्षी असेल तर तुकडा मध्यावर न घेता थोडा बाजूला घ्यावा, चित्र जिवंत वाटतं.

१३ जुलै, रविवार

इंग्लंडमध्ये राहणाऱ्या मावसबहिणीला फोटो पाठवले होते. तिच्या शंभर-सव्वाशे वर्षं जुन्या घरात दुरुस्ती चालू आहे, भिंतीतून थरावर थर वॉलपेपर निघतोय. एकदम खालचा थर सुंदर हिरवा, “आणू का तुला?” म्हणाली. तिला लगेच फोन करून सांगितलं की आणू नकोस आणि कोरडा खरवडूही नकोस. शील या रसायनशास्त्रज्ञाने १७७५ च्या सुमाराला आर्सेनिकपासून एक हिरवा रंग काढला, पुढे १८१४ मध्ये त्याहून तेजस्वी हिरवा आला, आणि एकोणिसाव्या शतकात हे रंग वॉलपेपरवर सर्रास वापरले गेले. ओल आणि बुरशी लागलेल्या अशा कागदांमुळे माणसं आजारी पडत, यावर तेव्हाच ओरड सुरू झाली होती. तिच्या भिंतीवरचा हिरवा तोच आहे का हे नुसतं बघून सांगता येत नाही, पण तपासल्याशिवाय हात लावण्यात शहाणपण नाही. जुन्या वास्तूतला कागद हस्तकलेला वापरण्याचा मोह कोणालाही होईल म्हणून इथे लिहून ठेवतेय.

२७ जुलै, रविवार

भाचीची पहिली मंगळागौर ५ ऑगस्टला. वाणाला डबे करायचे ठरलं: हातभर नाही, तळहाताएवढे, झाकणाचे. मिठाईची जाड पुठ्ठ्याची रिकामी खोकी जमवली होती. बाहेरून हॉलचं व्हिनाइल, झाकणाला आतून फुलांचा कागद.

डबा मढवणं हे या सगळ्या कामांतलं खरं कौशल्याचं काम, म्हणून नीट लिहिते. आधी चार बाजूंना एकच लांब पट्टी. उंचीपेक्षा तीन सेंटिमीटर जास्त: दीड आत वळवायला, दीड तळाखाली. सुरुवात मागच्या कोपऱ्यापासून एक सेंटिमीटर अलीकडे करायची, म्हणजे सांधा कोपऱ्यावर येतो आणि दिसत नाही. प्रत्येक कोपऱ्यावर कागद ओढून धरायचा आणि घडी दाबायच्या हाडाच्या पट्टीने धार काढायची. पट्टी नसेल तर चमच्याचा दांडा चालतो. आत वळवायच्या भागाला कोपऱ्यांवर सरळ चीर न देता इंग्रजी ‘व्ही’च्या आकाराचा तुकडा काढायचा, नाहीतर आत दुहेरी जाडी होऊन झाकण अडकतं. झाकणाच्या बाजूला कागदाची जाडी दोनदा मोजून फट ठेवावी लागते, हे खोकं निवडतानाच बघायचं. घट्ट झाकणाचं खोकं मढवल्यावर बसतच नाही.

व्हिनाइलची अडचण सांध्यावर येते. फेव्हिकॉल कागदात मुरून धरतं, पीव्हीसीत त्याला मुरायला जागाच नाही. त्यामुळे व्हिनाइलवर व्हिनाइल चढलं की तो सांधा आठवड्याभरात उचलतो. बाजारात यासाठी वेगळा गोंद मिळतो. सुतारांकडचं रबरी सोल्यूशनही धरतं, पण त्याचा वास डोक्यात जातो आणि लेक जवळ बसून काम करत होती. मग १५ जूनच्या तपासणीत दिसलेली गोष्ट उपयोगी पडली: वरचा पापुद्रा सुटतो! सांध्याखाली येणाऱ्या एक सेंटिमीटर भागावर कटरने अगदी हलकी रेघ मारली, फक्त वरचा थर कापला जाईल एवढीच, आणि पापुद्रा नखाने धरून सोलून काढला. खाली निघाला पांढरा कागद. आता कागदावर कागद बसतो, सांधा पक्का होतो आणि जाडीही कमी होते. आजच्या दिवसात मला याहून जास्त आनंद कशाने झाला नाही.

असे डबे एके काळी अमेरिकेत मोठा धंदा होता. टोप्या आणि किडुकमिडुक ठेवायला पातळ लाकडाचे किंवा पुठ्ठ्याचे गोल-लंबगोल डबे वॉलपेपरने मढवून विकत. न्यू हॅम्पशायरमधल्या जाफ्री गावची हॅना डेव्हिस (१७८४ ते १८६३) त्यासाठी प्रसिद्ध होती. एकटी बाई, उपजीविकेसाठी स्प्रूसच्या लाकडाचे पातळ पापुद्रे काढून डबे करायची, वर वॉलपेपर आणि आतून वर्तमानपत्र लावायची, आणि गाडीत भरून गिरणीच्या गावांत जाऊन विकायची. तिचे डबे आज संग्रहालयांत आहेत. आतल्या वर्तमानपत्रांमुळे डबा कोणत्या काळातला हे अभ्यासकांना ताडता येतं. हे वाचल्यावर मी प्रत्येक डब्याच्या तळाला, आतून, पेन्सिलीने आजची तारीख लिहिली.

३ ऑगस्ट, रविवार

डबे वाळले. डब्यांत हळद-कुंकवाच्या पुड्या, गजरा, बांगड्या. खायची वस्तू थेट ठेवायची नाही, लाडू असेल तर आधी वेगळ्या कागदात, असं भाचीला बजावलं. हे कागद भिंतीसाठी केलेले आहेत, अन्नासाठी नाहीत.

उरलेल्या फुलांच्या कागदांची आहेराची पाकिटं केली. जुनं विकतचं पाकीट उसवून साचा म्हणून वापरला. नमुन्यांच्या पुस्तकातलं पान मोठं असल्यामुळे एका पानात चार बसतात. लेकीने बाहेरून एक रुपयाचं नाणं चिकटवायला छोटी गोल चकती कापली, तीही त्याच कागदाची. लग्नसराईत ही पाकिटं विकत आणायची गरज पडणार नाही.

१० ऑगस्ट, रविवार

आजपासून मखर. नणंदेचा सोनेरी रेघांचा कागद मुद्दाम यासाठी राखला होता.

महाराष्ट्रात २०१८ च्या मार्चमध्ये प्लास्टिक आणि थर्माकोलच्या वस्तूंवर बंदीची अधिसूचना निघाली. त्याआधी आमच्याकडेही बोहरी आळीतून थर्माकोलचं मखर यायचं आणि विसर्जनानंतर तुकडे होऊन जायचं. नंतर पुठ्ठ्याची, कापडाची मखरं आली. मी मात्र आमच्या मखराला पर्यावरणपूरक असं बिरुद लावणार नाही, कारण या कागदात पॉलिस्टर आहे. जे आहे ते एवढंच: कागद आधीच घरात होता, पुठ्ठा शेजाऱ्यांच्या फ्रिजच्या खोक्याचा आहे, आणि हे मखर घडी घालून दरवर्षी वापरायचं आहे.

मोजमाप कागदाने ठरवलं. रुंदी ५३. दोन्हीकडे अडीच सेंटिमीटर वळवायला दिले तर मधला फलक ४८ रुंद. बाजूचे दोन्ही फलक एकाच रुंदीतून निघावेत म्हणून प्रत्येकी २१. सगळ्यांची उंची ७५. मूर्ती नऊ इंची आहे, चौरंगासकटही वर भरपूर मोकळी जागा राहते. असे ८० सेंटिमीटरचे दोन तुकडे पुरले, ९० सेंटिमीटर महिरपीला राहिले. रेघा उभ्या असल्यामुळे नक्षी जुळवायचा प्रश्नच नाही, छाटणात काही गेलं नाही.

पुठ्ठा दुहेरी घेतला. खोक्याच्या पुठ्ठ्याच्या आत नळ्या असतात. एका थराच्या उभ्या आणि दुसऱ्याच्या आडव्या ठेवून चिकटवल्या. उभ्या नळ्यांनी फलक ताठ राहतो, आडव्यांनी बाक येत नाही. दमट हवेत एकच थर हमखास वाकला असता.

१७ ऑगस्ट, रविवार

नॉन-वोव्हन लावताना गोंद पुठ्ठ्याला लावला, कागद कोरडाच वर टेकवला. वाढत नाही, सुरकुती येत नाही, चुकला तर अलगद उचलून परत ठेवता येतो. तिन्ही कागदांत कामाला हा सगळ्यात समजूतदार. पुठ्ठ्याच्या नळ्यांच्या रेघा वर उमटू नयेत म्हणून मध्ये कोऱ्या कागदाचा एक थर दिला होता. तो दिल्याने सोनं एकसारखं चमकतं.

बिजागरीला मांजरपाटाची पट्टी, फेव्हिकॉलमध्ये भिजवून, दोन फलकांच्या मागून. फलकांमध्ये पुठ्ठ्याच्या जाडीच्या दुप्पट फट सोडली, तरच बाजूचे फलक मधल्यावर पूर्ण मिटतात. महिरप वेगळी केली आहे, मागून खाचेत बसते. तिची कमान सासूबाईंनी हाताने काढली, अर्धी काढून कागद दुमडून कापला. त्यांच्या माहेरच्या देवघराच्या कमानीला सात पाकळ्या होत्या, म्हणून इथेही सात.

२४ ऑगस्ट, रविवार

मखर उभं करून बघितलं. दिव्यांचा विचार आज केला. एलईडीची माळ फलकांच्या मागे, कागदाला न टेकता. समई मखराच्या बाहेर, दोन्ही बाजूंना हातभर अंतरावर, आणि पंख्याचा झोत त्या दिशेने येत नाही ना हे ज्योत लावून तपासलं. नंदादीप काचेच्या चिमणीत. आरतीचं तबक ओवाळताना ज्योत महिरपीच्या जवळ जाते, म्हणून चौरंग मखराच्या कमानीपासून एक वीत पुढे ओढला. कागद आणि पुठ्ठ्याच्या आराशीत ही काळजी कोणीही गृहीत धरू नये.

नणंद बघायला आली. तिच्या बेडरूममध्ये त्या सोनेरी रेघा फिक्या वाटतात अशी तिची तक्रार असायची. “वहिनी, हा तोच कागद?” म्हणून जवळ जाऊन हात लावून बघितला.

३ सप्टेंबर, बुधवार

२७ ऑगस्टला बाप्पा बसले, काल गौरींबरोबर विसर्जन झालं. मखर सात दिवस उभं होतं, बाहेर पाऊस होता, फलक सरळ राहिले. एका बिजागरीची मांजरपाटाची कड खालून सुटली होती, ती पुन्हा चिकटवली.

आज घडी घालून बांधताना बबल रॅप वापरला. त्याचा शोध कसा लागला तेही या नोंदींत बसतं: १९५७ मध्ये न्यू जर्सीत आल्फ्रेड फील्डिंग आणि मार्क शावान यांनी प्लास्टिकचे दोन पडदे एकत्र चिकटवून नव्या पद्धतीचा उठावदार वॉलपेपर करायचा प्रयत्न केला. भिंतीसाठी तो कोणी घेतला नाही, पुढे नाजूक वस्तू गुंडाळायला घेतला. लेकीला हे सांगितल्यावर तिने बुडबुडे फोडायचं थांबवलं आणि एक तुकडा शाळेत न्यायला मागून घेतला.

मखर माळ्यावर आडवं न ठेवता कपाटामागे उभं ठेवलं आहे, आडव्यावर सामान रचलं जातं. बाहेर वेखंडाची पुरचुंडी बांधली. ऑक्टोबरचं ऊन पडलं की एकदा उघडून हवा द्यायची.

शिल्लक: हॉलच्या व्हिनाइलचा सव्वा मीटरच्या आसपास तुकडा, महिरपीतून उरलेल्या सोनेरी पट्ट्या, पुस्तकातली थोडी पानं. सोनेरी पट्ट्या दिवाळीच्या कंदिलाला मागताहेत घरात. कंदिलात एलईडीच लावणार असू तर देईन. व्हिनाइल स्वयंपाकघरातल्या वरच्या फळ्यांना, आणि राखून ठेवलेली ३.२० मीटरची पट्टी होती तिथेच, लेबलसकट.